मन वळविणे आणि मन बांधणे : छत्तीसगडातील स्वदेशी प्रचाराच्या आधारे एक विचार

१

'प्रचार' हा शब्द मराठीत दुहेरी आयुष्य जगतो. 'शिक्षणाचा प्रचार', 'खादीचा प्रचार' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात आदर असतो. 'हा निव्वळ प्रचार आहे' असे म्हणतो तेव्हा तोच शब्द निंदाव्यंजक होतो. युरोपीय भाषांतील 'प्रोपगंडा' या शब्दाचा प्रवासही असाच झाला. रोमन कॅथॉलिक चर्चने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्थापिलेल्या मंडळाच्या नावातून तो शब्द व्यवहारात आला आणि पहिल्या महायुद्धानंतर संघटित असत्याचा पर्याय होऊन बसला. 'जाहिरात' या शब्दाची कथा याच्या उलट आहे. अरबी 'जाहीर' म्हणजे उघड, प्रकट, त्यावरून जाहिरात. हिंदी आणि बंगाली या भाषांनी 'विज्ञापन' हा शब्द घेतला. त्याचाही अर्थ कळविणे एवढाच. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले तर या दोन्ही शब्दांत कोणाचे मन वळविण्याचा हेतू नाही. विकणाऱ्याने आपल्या कृतीला दिलेले हे साळसूद नाव भाषेने मुकाट्याने स्वीकारले, असे म्हणावे लागते.

प्रचार आणि जाहिरात यांच्या युक्त्यांची यादी करणे अवघड नाही. अवघड प्रश्न निराळा आहे. ज्या युक्त्यांनी साबण खपतो त्याच युक्त्यांनी स्वातंत्र्याची चळवळ उभी राहते, आणि त्याच युक्त्यांनी शेजाऱ्याविषयी द्वेषही पसरतो. मग मन वळविण्याचा कोणता प्रकार न्याय्य मानावा आणि कोणता मानू नये? हेतू शुद्ध असला की साधन शुद्ध ठरते, हे उत्तर पुरेसे नाही; कारण आपला हेतू अशुद्ध आहे असे कोणताही प्रचारक मानीत नाही. युक्ती वापरणे हाच दोष, हेही उत्तर टिकत नाही. कारण दृष्टान्त, वक्रोक्ती आणि भावनेचे आवाहन यांवाचून कोणतेही परिणामकारक लेखन संभवत नाही. ज्याचे मन वळवावयाचे त्याच्या हाती उत्तर देण्याची आणि पडताळा पाहण्याची शक्ती शिल्लक राहते की नाही, या कसोटीवर हा भेद करावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जेथे ती राहते तेथे मन वळविले जाते. जेथे ती काढून घेतली जाते तेथे मन बांधले जाते.

या प्रतिपादनासाठी उदाहरणे मराठी भाषेच्या मुख्य भूमीबाहेरची, परंतु मराठीशी घनिष्ठ नाते असलेल्या एका टापूतील घेतली आहेत. रायपूरच्या दक्षिणेस, धमतरीच्या वाटेवर सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर अभनपूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेचा रायपूर-धमतरी हा अरुंद मार्ग येथून जात असे आणि येथूनच राजिमकडे एक फाटा फुटत असे. तो मार्ग आता राहिलेला नाही; मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर दरम्यान रुंद मार्गावरील प्रवासी गाडी सुरू झाली. रायपूर, राजिम व धमतरी या तिन्ही ठिकाणी स्वदेशीच्या काळात मन वळविण्याचे तीन वेगवेगळे प्रयोग झाले आणि तिन्हींचे धागे पुण्याच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीपर्यंत पोहोचतात. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक झाली होती. मराठीतील युक्तिवाद हिंदीत जाताना काय होते, हे पाहण्याची दुर्मिळ सोय म्हणूनच येथे मिळते.

२

प्रथम साधनांचा विचार करू. न्यूयॉर्क येथे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या आणि त्या पुढे जगभर पाठ्यपुस्तकांतून गेल्या. प्रतिपक्षाला वाईट नाव चिकटविणे. 'राष्ट्र', 'धर्म', 'प्रगती' अशा झगझगीत परंतु अस्पष्ट शब्दांचा आश्रय घेणे. आदरणीय वस्तूचे तेज आपल्या वस्तूवर संक्रमित करणे. मोठ्या माणसाची साक्ष काढणे. 'मी तुमच्यातलाच एक' असा आव आणणे. सोयीची तेवढीच पाने दाखवून बाकीची लपविणे. आणि 'सारे निघाले, तुम्ही मागे का?' असे म्हणणे. आपल्याकडील कोणतेही वृत्तपत्र उघडून या सातही युक्त्यांची उदाहरणे एका सकाळी गोळा करता येतील.

या यादीत एक उणीव आहे. ती युक्त्यांचे वर्णन करते, परंतु त्यांचा उचित आणि अनुचित वापर यांतला भेद सांगत नाही. आपल्या परंपरेतील न्यायशास्त्राने हा प्रश्न अधिक खोलात नेला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद; जिंकण्यासाठी होतो तो जल्प; आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ही वितंडा. जल्पात छल चालतो. छलाचे प्रसिद्ध उदाहरण 'नवकम्बल' हे आहे. वक्त्याच्या मनात 'नवे कांबळे असलेला' असा अर्थ असतो. प्रतिवादी 'नऊ कांबळी असलेला' असा अर्थ घेऊन 'याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत?' असे विचारतो. जाहिरातदार हा छल उलट दिशेने करतो. शब्द दुहेरी ठेवून तो स्वतः गप्प राहतो आणि सोयीचा अर्थ ग्राहकानेच काढावा अशी व्यवस्था करतो.

तथापि वाद, जल्प आणि वितंडा या तिन्हींत एक गोष्ट समान आहे : समोर प्रतिवादी असतो. वितंडा करणाऱ्यालाही कोणीतरी समोर हवा. आधुनिक प्रचार आणि जाहिरात यांचे वैशिष्ट्य असे की तेथे प्रतिवादीच नसतो; असतो तो फक्त श्रोता. म्हणून प्रचाराला आपण चौथी कथा म्हणू शकतो, एकपक्षी कथा. येथे कोणी म्हणेल की ग्रंथलेखनातही लेखक एकटाच बोलतो. हे खरे आहे. आणि म्हणूनच आपल्या शास्त्रीय गद्याने पूर्वपक्षाची पद्धत निर्माण केली. प्रतिवादी प्रत्यक्ष समोर नसताही त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा बळकट रूपात आधी मांडावे आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावे, हा तो दंडक. पूर्वपक्ष म्हणजे अनुपस्थित माणसाला लेखनात दिलेले आसन होय. पुढील प्रत्येक उदाहरणात आपण हेच आसन शोधणार आहोत.

३

पहिला प्रयोग कथेचा आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचा जन्म दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले आणि हिंदी ही त्यांची कर्मभाषा ठरली. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. त्यांचे सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि पत्राचे प्रवर्तक वामनराव लाखे हे दोघेही मराठी भाषकच होते. तीन वर्षे चाललेल्या या मासिकात १९०१ मध्ये सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही लहानशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये, किंबहुना कित्येकांच्या मते पहिली कथा म्हणून, तिचा उल्लेख होतो. प्रथमत्वाचा वाद येथे बाजूला ठेवू. मन वळविण्याच्या कलेचा नमुना म्हणून ती पाहण्यासारखी आहे.

एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते. शेजारच्या अनाथ विधवेची झोपडी तो वकिलांकरवी न्यायालयातून ताब्यात घेतो. पुढे ती वृद्धा टोपली घेऊन येते आणि झोपडीतील थोडी माती मागते. नात जेवत नाही, घरच्या मातीची चूल घातली तर कदाचित जेवेल, असे तिचे म्हणणे. माती भरल्यावर टोपली उचलून देण्यास ती जमीनदारालाच विनविते. तो उचलू पाहतो. टोपली उचलत नाही. तेव्हा ती एवढेच सुचविते की एका टोपलीचा भार पेलत नाही, तर झोपडीतील हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

या युक्तिवादाचा सांगाडा आपल्या परिचयाचा आहे. लहान गोष्टीवरून मोठ्या गोष्टीचे अनुमान करणारा हा कैमुतिक न्याय होय. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वृद्धा जमीनदाराला काही पटवून देण्याआधी त्याच्या हाताला प्रत्यक्ष अनुभव देते. भार तो स्वतः उचलून पाहतो. प्रमाण त्याच्याच स्नायूंत आहे. ते तो नाकारू शकतो, पण खोटे ठरवू शकत नाही. अनुमानाची शेवटची पायरीही तोच चढतो. येथे भावनेचे आवाहन आहे, उपाशी मुलीचा उल्लेख आहे, विधवेची दीनता आहे. प्रचार-विश्लेषण संस्थेच्या यादीतील दोन-तीन युक्त्या सहज दाखविता येतील. तरी श्रोत्याला उत्तर देण्याची पूर्ण मुभा आहे. 'टोपली जड आहे म्हणून झोपडी तुझी ठरत नाही' असे जमीनदार म्हणू शकला असता, आणि कायदाही त्याच्याच बाजूने होता. त्याने तसे म्हटले नाही, यात त्याचे मन वळल्याचा पुरावा आहे.

४

दुसरा प्रयोग स्वदेशीचा. १९०५ च्या वंगभंगानंतर पुण्यात 'केसरी'ने स्वदेशी आणि बहिष्कार यांची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. सप्रे तेव्हा नागपूरहून 'हिंदी ग्रंथमाला' चालवीत होते. 'केसरी'तील लेखांच्या आधारे लिहिलेला त्यांचा 'स्वदेशी आंदोलन और बॉयकाट' हा निबंध १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सरकारने तो जप्त केला. १९०७ मध्ये त्यांनी 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक काढले.

निबंधाच्या शीर्षकातील एका शब्दाकडे भाषाभ्यासकाचे लक्ष जावे. मराठीत टिळकांनी 'बॉयकॉट'ला 'बहिष्कार' हा प्रतिशब्द रूढ केला. सप्रे यांनी शीर्षकात इंग्रजी शब्दच ठेवला. दोन्ही शब्द एकाच कृतीचे नाव आहेत; परंतु त्यांच्या पाठीमागची ओझी वेगळी आहेत. 'बॉयकॉट' हा १८८० च्या सुमारास आयर्लंडमधील शेतकऱ्यांनी एका इंग्रज कारभाऱ्याशी संबंध तोडले त्या घटनेतून जन्मलेला शब्द. त्याला राजकीय संघर्षाचा वास आहे. 'बहिष्कार' हा मराठीत जातपंचायतीचा शब्द होता. पाणी बंद, पंक्ती बंद, सोयरीक बंद, न्हावी-परीट बंद, असा त्याचा अर्थ प्रत्येक वाचकाच्या अंगावर काटा आणण्याइतका ओळखीचा होता. परदेशी मालाला 'बहिष्कार' म्हणताच त्या मालाला अस्पर्श्यतेचा, आणि तो घेणाऱ्याला जातीबाहेर पडण्याच्या भयाचा स्पर्श आपोआप झाला. संक्रमणाच्या युक्तीचे याहून परिणामकारक उदाहरण सापडणे कठीण. त्यासाठी एकही विधान करावे लागले नाही. प्रतिशब्दाची निवड पुरेशी झाली. विधानाला उत्तर देता येते. प्रतिशब्दाला उत्तर कसे द्यावे?

साखरेच्या प्रश्नात ही युक्ती एक पाऊल पुढे गेली. परदेशी साखर शुद्ध करताना गायी-डुकरांची हाडे आणि रक्त वापरतात, असा प्रचार त्या काळात महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. यात सत्याचा अंश होता. हाडांच्या कोळशातून साखरेचा रस गाळण्याची रीत खरोखरच प्रचलित होती. परंतु सर्व परदेशी साखर त्याच रीतीने होत असे असे नाही, आणि समोरच्या पुड्यातील साखर कोठून व कशी आली हे पाहण्याचे साधन ग्राहकापाशी नव्हते. आर्थिक प्रश्नाचे रूपांतर भक्ष्याभक्ष्याच्या प्रश्नात झाले आणि त्याबरोबर चर्चा संपली. देशी उद्योग का वाढावा याविषयी मतभेद होऊ शकतो. धर्मभ्रष्ट व्हावे की नाही याविषयी कोण मतभेद करील?

याच भयाचा दुसरा वापर शेजारी ठेवून पाहावा. गोदरेज यांनी १९१८ मध्ये प्राण्यांच्या चरबीवाचून केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण बाजारात आणला आणि तो तसा आहे हे सांगून विकला. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांची प्रशस्तीही जाहिरातीत आली. शुद्धाशुद्धतेची भावना येथेही आहे, थोरांची साक्षही आहे. परंतु विधान वस्तूविषयीचे, निश्चित आणि तपासता येण्याजोगे आहे. ते खोटे ठरले असते तर विक्रेत्याला त्याची किंमत मोजावी लागली असती. साखरेच्या प्रचारात अशी जोखीम प्रचारकावर नव्हती. जो बोलतो त्याने खोटे ठरण्याची जोखीम पत्करली आहे की नाही, ही आपल्या कसोटीची व्यावहारिक बाजू होय.

राजिमजवळच्या चमसूरचे पं. सुंदरलाल शर्मा (१८८१–१९४०) हे याच काळातले. छत्तीसगढी काव्याच्या आद्य शिल्पकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या घरी 'केसरी' येत असे आणि ते मराठी वाचीत असत. पुण्याचा युक्तिवाद अभनपूरच्या फाट्यावरून राजिमला कसा पोहोचला, याचे हे एक उत्तर. शर्मा यांनी सहकाऱ्यांसह स्वदेशी मालाची दुकाने काढली. ती तोट्यात गेली आणि काही वर्षांतच बंद करावी लागली. प्रचाराच्या इतिहासात यशस्वी मोहिमांविषयी पुष्कळ लिहिले जाते. अशा बंद पडलेल्या दुकानांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वस्तुतः ती अधिक बोलकी आहेत. बहिष्काराच्या काळात देशी गिरण्यांच्या धोतरांचे भाव वाढल्याची तक्रार बंगालमधून होत होती. सभेत हात वर करणारा मनुष्य दुकानात आल्यावर कापड बोटांनी चाचपतो आणि कनवटीचे पैसे मोजतो. त्या क्षणी तो पुन्हा प्रतिवादी होतो. दुकान हे असे स्थळ आहे की जेथे प्रचाराला उत्तर मिळाल्यावाचून राहत नाही. ज्यांनी दुकान काढून तोटा सोसला त्यांनी आपले म्हणणे तपासणीसाठी उघडे केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक मानावे लागेल.

५

तिसरा प्रयोग जवळजवळ निःशब्द आहे. धमतरीजवळील कंडेल या गावी १९२० च्या पावसाळ्यात कालव्याच्या पाण्यावरून तंटा उभा राहिला. पाटबंधारे खात्याला गावाशी दहा वर्षांचा करार हवा होता. ग्रामस्थांनी तो नाकारला. तेव्हा कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून गावावर दंड बसविण्यात आला. पं. सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावाने दंड देण्याचे नाकारले. सरकारने गुरे जप्त केली आणि लिलावासाठी आठवड्याच्या बाजारात नेली. बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही. दुसऱ्या बाजारात नेली. तेथेही तेच झाले.

लिलाव हा मुळात बोलण्याचा व्यवहार आहे. सरकारी शिपाई पुकारा करतो आणि लोकांनी उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. बाजार गप्प राहिला, तेव्हा ते मौन हेच एक विधान झाले : हा माल विकाऊ नाही, कारण तो तुमचा नाही. 'सारे निघाले, तुम्हीही निघा' ही युक्ती येथे 'कोणीच बोलत नाही, तुम्हीही बोलू नका' अशी उलटून आली. सत्तेने 'चोरी' हे नाव चिकटविले होते; त्याला गावाने प्रतिशब्द दिला नाही, तर बाजाराने त्या नावाला ग्राहक नाकारला.

परंतु आपली कसोटी आपल्याला प्रिय असलेल्या चळवळीलाही लावली पाहिजे. त्या बाजारात एखाद्या गरजू शेतकऱ्याला स्वस्तात बैल घ्यावासा वाटला असेल, तर त्याला बोली लावता आली असती काय? सामूहिक मौनामागे पटलेली मने किती आणि जातगंगेच्या भयाने मिटलेली तोंडे किती, हे बाहेरून सांगता येत नाही. बहिष्काराच्या शस्त्राची हीच अडचण आहे. कंडेलच्या बाजूने इतके निश्चित म्हणता येते की तेथे प्रतिपक्ष दुबळा नव्हता. सरकारपाशी कायदा, पोलीस आणि कचेरी होती. त्याचे म्हणणे ऐकले जाणार नाही अशी परिस्थिती नव्हती. दुर्बलांनी प्रबलाविरुद्ध धरलेले मौन आणि प्रबलांनी दुर्बलाभोवती उभारलेले मौन यांत महदंतर आहे.

६

या दुसऱ्या प्रकारच्या मौनाचे मराठीतील उदाहरण टाळून हा लेख पुरा करता येणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. ज्या पत्राने पंधरा वर्षांपूर्वी मराठी वाचकाला परदेशी सत्तेविरुद्ध युक्तिवाद करण्यास शिकविले, त्याच पत्राने स्वकीयांतील एका पक्षाच्या अस्तित्वाची साधी खबरही आपल्या पानावर येऊ दिली नाही. 'जाहिरात' म्हणजे प्रकट करणे, हा मूळ अर्थ येथे एकाएकी जिवंत होतो. कारण नाकारले गेले ते प्रकट होणेच.

आंबेडकरांनी पुढे १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापिली आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पत्र काढले. स्वदेशीच्या काळात जो शब्द शस्त्र म्हणून उगारला गेला होता, तो ज्यांच्यावर शतकानुशतके चालविला गेला त्यांच्या मुखातून परत आला. 'बहिष्कार' म्हणताना ज्या पंचायतीच्या सत्तेचा आधार घेतला होता, तिच्या बळींनी त्याच धातूचे कर्मणि रूप पुढे ठेवले. पूर्वपक्षाला आसन नाकारले की तो स्वतःचे पत्र काढतो, असे म्हणता येईल. परंतु पत्र काढण्याचे बळ प्रत्येकापाशी नसते, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे.

हाच प्रश्न न्यायालयात भाषांतराच्या रूपाने उभा राहिला होता. १९०८ मध्ये 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. मूळ मराठी लेख ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतरातून गेले होते, आणि भाषांतराने मूळ शब्दांच्या छटा विपरीत केल्या आहेत हा टिळकांच्या बचावाचा एक महत्त्वाचा भाग होता. त्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली. म्हणजे 'बहिष्कार' या प्रतिशब्दाचे सामर्थ्य ज्यांनी ओळखले होते, त्यांनाच न्यायालयात प्रतिशब्दांशी झगडावे लागले. प्रतिशब्द निवडणारा श्रोत्याचे मन निम्मे आधीच ठरवून टाकतो, हा धडा भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटावा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही 'हिंदी केसरी'तील लेखांवरून अटक झाली. कुटुंबाच्या आग्रहास्तव त्यांनी क्षमापत्र दिले आणि ते सुटले. नंतरचा काही काळ त्यांनी जवळजवळ संन्यस्त वृत्तीने घालविला. न्यायशास्त्रात शब्दप्रमाण हे आप्ताच्या वचनावर, म्हणजे विश्वासार्ह वक्त्यावर, अवलंबून असते. ते क्षमापत्र सप्रे यांच्या आप्तत्वावर आघात करणारे होते. पुढे १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाले तेव्हा त्यामागे सप्रे होते, परंतु संपादकपद माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे होते. मधल्या वर्षांत सप्रे यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हे मराठी ग्रंथ हिंदीत आणले. 'गीतारहस्य' हा ग्रंथ आपल्या दृष्टीने सूचक आहे. वृत्तपत्रीय टिळक प्रतिपक्षाला अनेकदा एका विशेषणात गुंडाळतात. ग्रंथकार टिळक मात्र संन्यासमार्ग, भक्तिमार्ग आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्र यांना विस्ताराने पूर्वपक्षाचे आसन देतात. एकाच लेखकाची ही दोन गद्ये एकाच भाषांतरकाराच्या हातून हिंदीत गेली. 'स्वदेशी आंदोलन और बॉयकाट' आणि हिंदी 'गीतारहस्य' शेजारी ठेवून वाचणे, हा मन वळविण्याच्या दोन रीतींचा अभ्यासपाठ ठरेल.

७

आज कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने निर्बंध आले. १९८५ मध्ये जाहिरात व्यवसायाने स्वतःची मानक परिषद स्थापिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातींना दंडाची तरतूद केली. हे आवश्यकच आहे. परंतु कायदा खोट्या विधानाला पकडतो, प्रतिशब्दाला पकडू शकत नाही, आणि लपविलेल्या पानांपर्यंत तर क्वचितच पोहोचतो.

माध्यम बदलल्याने प्रश्नही बदलला आहे. भिंतीवर रंगविलेली जाहिरात किंवा निवडणुकीची घोषणा येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. तिच्यासमोरच्या भिंतीवर दुसऱ्याची घोषणा रंगते, चहाच्या टपरीवर दोन्हींची टिंगल होते. भिंत ही सार्वजनिक असल्याने तिला उत्तर देता येते. भ्रमणध्वनीवर येणारा संदेश ज्याच्या त्याच्या आवडीनिवडी हेरून ज्याला त्याला वेगळा पाठविता येतो. शेजाऱ्याला काय सांगितले गेले हे मला दिसत नाही. मग त्याचे खंडन मी कसे करणार? पूर्वी प्रतिवादी अनुपस्थित होता; आता त्याला वादाचा विषयच कळू नये अशी सोय झाली आहे. एकपक्षी कथेचे हे पूर्ण रूप होय.

म्हणून विद्यार्थ्यांना युक्त्यांची यादी पाठ करावयास लावणे पुरेसे नाही. यादी पाठ असलेला मनुष्य दुसऱ्याच्या प्रचारातील युक्ती चटकन ओळखतो आणि स्वपक्षाच्या प्रचारातील तीच युक्ती त्याला शैली वाटते. त्याऐवजी कोणत्याही लेखाला, भाषणाला वा जाहिरातीला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. येथे अनुपस्थित कोण आहे, आणि तो हे वाचील तर 'होय, माझे म्हणणे असेच आहे' असे म्हणेल काय? बोलणाऱ्याने खोटे ठरण्याची कोणती जोखीम घेतली आहे? आणि विधान न करता केवळ शब्द निवडून कोणते काम उरकले आहे? तिन्ही प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाच्या रोजच्या कामातलेच आहेत. निवेदक कोण, कोणाचा आवाज दाबला गेला, शब्दाची व्यंजना काय, हे तो एरवीही विचारतोच.

सप्रे यांच्या कथेतील वृद्धेने जमीनदाराला टोपली उचलावयास सांगितली. टोपली जड आहे हे त्याने तिच्या शब्दावर मान्य करावे असे तिने म्हटले नाही. मन वळवू पाहणाऱ्या प्रत्येक लेखनाने आपली टोपली वाचकापुढे अशीच ठेवावी. ती उचलून पाहण्याचा, आणि 'मला ही जड वाटत नाही' असे म्हणण्याचाही, अधिकार वाचकाचा आहे.